जाताना मशीन, येताना मनगट

बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, शिट्टी होती. काळ्या दोऱ्यात ओवलेली, पितळी, घासून घासून देवघरातल्या भांड्यासारखी लखलखीत केलेली. स्टाफरूममध्ये एकीने पोळीचा घास तोडता तोडता सहज विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे असतात?" बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "असतील की कुठंतरी. मी सोडलं तेव्हा साताऱ्याच्या स्टँडवर होते." पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा नवीन होते. बेलापूरच्या त्या शाळेत चित्रकला शिकवायला लागून जेमतेम एक सहामाही झाली असेल. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. सेक्टर होते, सेक्टरांना नंबर होते, नंबरांत बिल्डिंगी होत्या, पण दुपारी उभं राहावं असं एक झाड नव्हतं. सगळेच कुठून कुठून आलेले. कुणी गिरगाव सोडून, कुणी चिपळूण, कुणी कोरेगाव. शेजारी कोण राहतं याचा अंदाज येईपर्यंत जो तो आवाज बेताचा ठेवून वागायचा. अशा गावात बाई पहिल्या दिवसापासून ओरडत आल्या होत्या. त्या आमच्या पीटीच्या बाई.

शाळेचा नियम होता, शिक्षिकांनी साडीच नेसायची. बाई नेसायच्या. आत ट्रॅकपँट आणि टीशर्ट. ग्राउंडवर पोचल्या की साडी फेडून, नीट घडी घालून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायच्या, वर एक वीट. तास संपला की पुन्हा नेसून स्टाफरूममध्ये हजर. मुख्याध्यापकांनी हटकलं तर म्हणाल्या, "नियमात साडी नेसायची एवढंच लिहिलंय सर. किती वेळ नेसून राहायचं ते कुठं लिहिलंय?"

मुख्याध्यापक तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या डोक्यावर संस्था होती आणि संस्थेच्या डोक्यावर आणखी कोण कोण, त्यामुळे त्यांची मान कायम जरा खाली असायची. बाई उशिरा आल्या की ते घड्याळाकडे बघायचे आणि बाई शांतपणे सांगायच्या, "ओहोटी होती सर." जणू अख्खं बेलापूर भरती-ओहोटी बघूनच कामाला निघतं.

बाईंची शिवी एकच. कोरडा. बँकेतला उद्धट कारकून कोरडा, मुलींना "हळू हसा" म्हणणारा शिपाई कोरडा, आणि बऱ्याचदा मीही कोरडी. मला पाण्याची भीती होती. मी लपवली नव्हती, तरी पहिल्याच आठवड्यात बाईंनी ती कुठून तरी हुंगली. मला त्या नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत.

"ए चित्रकला, पवायला येतं का तुला?"

"नाही बाई."

"बरं झालं. मग तू मशीनच्या होडीत बसायचंस."

मला वाटलं थट्टा करतायत. बाई थट्टा करत नसत हे मला पुढे कळलं.

त्याचं असं होतं की बाईंकडे सात कयाक होत्या. कयाक म्हणजे लांबुडकी, निमुळती, एका माणसाने पाय पसरून बसायची आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने मारत न्यायची होडी. पिवळ्या रंगाच्या, फायबरच्या, जागोजाग ठिगळं लावलेल्या. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीचा स्पोर्ट्स क्लब बंद पडला, तिथून त्या आल्या होत्या. कशा आणल्या विचारलं की बाई म्हणायच्या, "मागून आणल्या. चोरल्या असत्या तर जरा बऱ्या निवडल्या असत्या." शाळेच्या जिन्याखाली त्या उलट्या रचलेल्या असायच्या आणि मुलं त्यांच्यावर बसून डबे खायची.

दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याची वेळ बघून बाई मुलींना घेऊन दिवाळ्याला जायच्या. दिवाळे म्हणजे बेलापूरच्या खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. नवी मुंबई त्याच्याभोवती उगवली, पण ते आपलं होतं तिथेच, बोंबील वाळत घालत. तिथल्या एका नाखव्याची लाकडी होडी होती, डिझेलचं मशीन लावलेली. नाखवा म्हणजे होडीचा मालक. हा शरीराने थोराड, बोलायला कमी आणि बाईंना मनातून घाबरणारा. त्याची मुलगी चंद्रा आमच्या शाळेत नववीत होती, तिच्यापायी तो या भानगडीत सापडला होता.

भानगड अशी. दिवाळ्याच्या धक्क्याला ओहोटीत पाणी नसतं, नुसता गुडघाभर काळा चिखल. भरती चढायला लागली की होड्या तरंगतात. पण तेव्हाच बाहेर मोठ्या पाण्यात जायचं म्हणजे येणाऱ्या भरतीच्या अंगावर जायचं. कोवळ्या मुलींचे हात तिवरांच्या टोकापर्यंत जाण्यातच गळून जायचे. बाईंनी त्यावर तोड काढली. नाखव्याच्या होडीच्या मागे एक जाड दोर, त्या दोराला थोड्या थोड्या अंतरावर एकेक कयाक, प्रत्येक कयाकमध्ये एक मुलगी. मशीन सगळ्यांना ओढत मोठ्या पाण्यात नेणार, तिथे गाठी सुटणार, आणि मग त्याच भरतीच्या पाण्यावर मुली स्वतःच्या हाताने वल्हवत परत येणार.

"जाताना मशीन, येताना मनगट," बाई म्हणायच्या. मुली ते घोषणेसारखं ओरडायच्या. पहिल्यांदा ती पिवळी माळ खाडीतून जाताना बघून धक्क्यावरच्या कोळणी इतक्या हसल्या की एकीच्या हातातला कोयता पाण्यात पडला. "नाखव्यानं केल्यांचा घड बांधलाय गो!" त्या दिवसापासून दिवाळ्यात आमच्या कयाकांचं नाव केळी पडलं.

ओढून नेणं हे बसून जाण्याइतकं सोपं असेल असं मला वाटायचं. तसं मुळीच नव्हतं. दोराने ओढलेली कयाक सरळ चालत नाही. ती वासरासारखी डावी-उजवीकडे हुंदडते, आणि माळेत जितकी मागे तितकी जास्त. सगळ्यांत मागची तर साप शेपटी आपटतो तशी झोडपली जाते. त्या मागच्या कयाकमध्ये नेहमी बाई स्वतः बसायच्या. तिथून त्यांचा आवाज पुढे यायचा, मशीनच्या फटफटीवर मात करत.

"ओढतंय कुणीतरी म्हणून सामान होऊ नका! बूड हलवा! मंजिरे, पोतं हाईस व्हय तू?"

एरवी बाई शाळेतल्या बाईंसारखं बोलायच्या. चिडल्या की कृष्णाकाठ बाहेर यायचा. त्या लहानपणी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकल्या होत्या. भोपळा फुटला तेव्हाच खरं पोहायला आलं, असं सांगायच्या, आणि कुठल्या भावाने तो मुद्दाम फोडला तेही.

माझं काम होडीच्या मागच्या टोकाला बसायचं. हातात एक कोयता. दोर जिथे होडीला बांधलेला असे तिथे डोळा ठेवायचा.

"मी 'काप' म्हणाले की कापायचा," बाईंनी बजावलं होतं. "का म्हणून विचारायचं नाही. बघायचं सुद्धा नाही."

"आणि मी घाबरले तर?"

"घाबरून काप. दोराला काय कळतंय?"

पोहता येणारं माणूस अशा वेळी आधी पाण्यात उडी टाकतं आणि दोर तसाच राहतो, म्हणून त्यांना तिथे न पोहणारी बाई हवी होती. एवढं सोपं कारण. मी मात्र कितीतरी महिने तो माझा अपमान समजत होते.

कापायची वेळ आली ती दिवाळीच्या सुट्टीत. रेतीचे बार्ज तेव्हा खाडीतून सर्रास जायचे. त्यातला एक, भरलेला, आमच्या फार जवळून गेला. नाखव्याने हात हलवला, शिव्या दिल्या, पण बार्जवरचा माणूस आमच्याकडे पाठ करून दात घासत होता. त्याची लाट आडवी आली. माळेतली तिसरी कयाक, मंजिरीची, उचलली गेली आणि उलटी झाली. मला फक्त पिवळं बूड दिसलं, ओल्या पाठीसारखं चकाकणारं. ते तसंच ओढलं जात होतं आणि त्याच्याखालून कुणी वर येत नव्हतं.

"काप!"

मी कापला. पहिल्या घावात अर्धाच तुटला. दुसरा घाव लाकडात बसला. तिसऱ्याला दोर सुटला आणि होडी एकदम हलकी होऊन पुढे उसळली, मी तोंडावर पडले. मान वर करून बघते तो बाईंची कयाक रिकामी. बाई पाण्याखाली. मंजिरीचा पाय आत पायटेकणीच्या पट्ट्यात अडकला होता. ओढ थांबली होती म्हणून तो सुटला. दोघी एकदम वर आल्या, आणि मंजिरीने पहिला श्वास घेतला तो अख्ख्या खाडीने ऐकला असेल. बाकीच्या मुलींनी शिकवल्याप्रमाणे एकमेकींची वल्ही धरून कयाक जोडून घेतल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. रडत होते मी.

नाखवा होडी वळवून आला. "पोरीला वर घे बाय, होरीत घे," तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर कयाकच्या कडेने कापलं होतं, रक्त ओघळत होतं. "मंजिरी, होडीत बसून घरी जायचंय का कयाकमधनं? तू सांग. कुणी रागावणार नाही."

मंजिरी खोकली, थुंकली. तिला तेरावं का चौदावं वर्ष असेल. तिने कयाककडे बोट केलं. बाईंनी कयाक सरळ केली, पाणी काढलं, पट्टा कोयत्याने कापून टाकला, आणि परत येईपर्यंत तिच्या बाजूने वल्हवत राहिल्या. धक्क्यावर उतरल्यावर त्या तशाच ओल्या मंजिरीच्या घरी गेल्या. मुलीने तोंड उघडायच्या आधी स्वतः सांगितलं, आज काय झालं ते, काहीही न गाळता. मी दारात उभी होते. मंजिरीचे वडील बँकेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही आता जा."

पुढच्या आठवड्यात शाळेत पालकांची सभा लागली. वर्गाच्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसली होती. मंजिरीचे वडील उभे राहिले. ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"आम्ही मुलींना शिकायला पाठवतो. त्यांना दोरीला बांधून खाडीतून ओढत नेतात, हे मला मुलगी पडल्यावर कळतं. माझी मुलगी बुडता बुडता वाचली."

"बुडता बुडता नाही," बाई म्हणाल्या. "पडली आणि वर आली. मध्ये वेळ गेला, तेवढा माझ्या जिवाला लागलाय. पण तुम्ही पुढचं सांगत नाही. पुढं काय केलं तिनं?"

मुख्याध्यापक पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

"परत चढली," मागच्या बाकावरून आवाज आला. मंजिरीची आई होती. चिंचोळ्या चेहऱ्याची, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. तिच्या नवऱ्याने मान वळवली. आपण सभेला एकटे आलो नव्हतो हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

"मी गिरगावात वाढले," ती म्हणाली. "चौपाटी समोर. जन्मात घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही. आई म्हणायची, बाईच्या जातीने काठावरून बघावं. ही पडली त्या रात्री जेवताना मला म्हणते, आई, पाण्याखाली हिरवं हिरवं दिसतं. मला ठाऊकच नव्हतं खाली काय दिसतं ते." तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मंजिरी जाणार. तुम्हाला कुणाला नसेल पाठवायचं तर नका पाठवू."

ती खाली बसली. मंजिरीचे वडील उभेच राहिले. ज्यांच्या घरची हरकत नसेल त्या मुलींनी जावं, असं म्हणून मुख्याध्यापकांनी सभा संपवली. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, "जिंकलात की." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा कोरडी झाले. "जिंकलं बिंकलं काय न्हाई. त्या माणसाचं खोटं नव्हतं. माझा पट्टा जुना होता." सगळ्या कयाकांमधले पट्टे त्यांनी आदल्या दिवशीच काढून टाकले होते.

बाई आता नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या गावाकडे निघून गेल्या, तिकडे एका धरणाच्या पाण्यावर पोरांना शिकवायच्या म्हणे, आणि तिकडेच गेल्या. चंद्राने फोन करून सांगितलं. मला त्या आठवतात तेव्हा गावाकडच्या म्हाताऱ्या बाई डोळ्यांपुढे येत नाहीत. मुंबईच्या क्लबासमोर पाण्यात बसून त्या भांडत होत्या, तशाच आठवतात.

तो क्लब जुना होता, हिरवळीचा, पांढऱ्या छत्र्यांचा. जानेवारीत तिथे शाळा-कॉलेजच्या मुलींची कयाकची शर्यत असते असं बाईंना कुणीतरी सांगितलं. बाईंनी नाव कळवलं. उत्तर आलं नाही. "नाही म्हणाले नाहीत ना? मग आपण जायचं," बाई म्हणाल्या. उजाडताच आम्ही दिवाळ्याहून निघालो. थंडी होती, वारा पडला होता, पाणी ताटासारखं. नाखव्याच्या होडीमागे सात कयाक, अख्खं बंदर ओलांडून. वाटेत उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांवरचे खलाशी कठड्यावर येऊन शिट्ट्या मारत होते आणि बाई पितळी शिट्टी काढून त्यांना उत्तर देत होत्या. उन्हं वर आली तेव्हा आम्ही पोचलो. मुलींचे ओठ मिठाने पांढरे झाले होते.

क्लबाच्या धक्क्यावर पांढरी पँट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी आधी नाखव्याच्या होडीकडे बघितलं, मग नाकाकडे रुमाल नेला.

"ही फिशिंग बोट इथे लावता येणार नाही."

"लावत नाही," बाई खालून, कयाकमधून म्हणाल्या. "आम्ही शर्यतीला आलोय."

"तुमच्या शाळेचं नाव आमच्याकडे नाही. तुमची संस्था संलग्न नाही. आणि या कयाक..." त्यांनी ठिगळांकडे बघितलं. "मॅडम, ही रेस आहे. तुम्ही बाजूला राहून बघू शकता."

मी होडीत होते. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगायचं तर. मला लाज वाटली, आमच्या होडीची, वासाची, मुलींच्या रंग उडालेल्या लाइफ जॅकेटांची. निघून जावं असं वाटलं. नाखवाही हळूच म्हणाला, "जाऊ या बाय. कशाला अपमान करून घेताव?"

बाईंनी गाठ सोडली आणि मुलींना जवळ बोलावलं. "शर्यतीची जागा ती, लाल डबे तरंगतायत तिथपर्यंत. त्या डब्यांच्या आत जायचं नाही. ते त्यांचं. डब्यांच्या अलीकडचं पाणी कुणाचं?"

"कुणाचंच नाही," चंद्रा म्हणाली.

"मग आपलंच. इथं रांग लावा. शर्यत सोडायला त्यांची बंदूक वाजंल. बंदुकीचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो."

आणि तसंच झालं. आत त्यांच्या सुरीसारख्या पातळ कयाकांची रांग, बाहेर आमच्या सहा पिवळ्या. बंदूक वाजली. दोन्ही रांगा एकदम सुटल्या. लाउडस्पीकर खरखरला, इंग्रजीत सूचना सुरू झाल्या, बाहेरच्या मुलींनी ताबडतोब थांबावं म्हणून. थांबणार कोण? माझ्या शेजारी नाखवा, जो एरवी चार शब्द बोलत नसे, होडीच्या काठावर उभा राहून गर्जत होता, "चंद्रे, हान! हान गो माझे बाय!"

आमच्या कयाक जड होत्या, रुंद होत्या, आणि मुली आधी बंदर ओलांडून आल्या होत्या. निम्म्या वाटेत पाचजणी मागे पडल्या. चंद्रा मात्र पडली नाही. ती त्यांच्या तिसऱ्या मुलीच्या बरोबरीने होती, मध्ये फक्त लाल डब्यांची ओळ. शेवटपर्यंत होती. रेषेवर पोचली तेव्हा कुणी पुढे आणि कुणी मागे हे मला कळलं नाही आणि कळायची सोयही नव्हती, कारण तिच्या बाजूला घड्याळ धरून कुणी बसलंच नव्हतं. पहिली आलेली मुलगी दम खात वळली आणि तिने चंद्राकडे बघून वल्हं उंच केलं. चंद्रानेही केलं. आम्ही हरलो असं कुणाला म्हणायचं असेल तर आधी आम्ही शर्यतीत होतो हे मान्य करावं लागलं असतं, आणि ते तर त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

मंजिरी सगळ्यांत शेवटी पोचली. तोवर बक्षिसांसाठी खुर्च्या-टेबलं मांडायला सुरुवात झाली होती. धक्क्याच्या कोपऱ्यात क्लबाचे दोन आचारी उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं बाई आता मुलींना शाबासकी देतील. परत येताना अर्ध्या बंदरापर्यंत त्या मागच्या कयाकमधून मुलींना झाडत होत्या. चंद्राने सुरुवात उशिरा केली. दुसरीचं वल्हं वाकडं पडत होतं. "आणि मंजिरे, शेवटी हात का ढिले सोडलेस? शेवटची होतीस म्हणून? शेवटच्याला रेषा नसते व्हय?" मंजिरी ओढल्या जाणाऱ्या कयाकमध्ये बूड हलवत रडत होती आणि हसत होती.

क्लबाची तक्रार शाळेत आमच्या आधी पोचली नसेल, पण फार मागेही राहिली नाही. बाईंनी लेखी माफी मागावी, असं संस्थेने कळवलं. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं तेव्हा मी चित्रांच्या परीक्षेचे कागद घेऊन तिथेच होते.

"दोन ओळी लिहा मॅडम," ते अजिजीने म्हणाले. "गैरसमजातून घडलं, एवढंच. मी पुढे सांभाळतो."

"गैरसमज कसला सर? मला सगळं नीट समजलं होतं."

"तुमची नोकरी टेंपररी आहे. जूनमध्ये मला तुम्हाला घेता येणार नाही."

"नका घेऊ."

"आणि त्या होड्या शाळेत ठेवता येणार नाहीत. आणि स्टाफपैकी कुणी यात पडायचं नाही, असंही त्यांनी कळवलंय." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी शाळेच्या फाटकाशी दिवाळ्याच्या कोळणी आल्या. मासळी विकून रिकाम्या झालेल्या, डोक्यावर चुंबळी तशाच. नाखव्याची बायको पुढे. टेंपो मागवलेला नव्हता. त्यांनी जिन्याखालच्या कयाक काढल्या, एकेक कयाक दोघी-दोघींनी डोक्यावर घेतली आणि चालायला लागल्या. मंजिरीची आई ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली होती. तिला चुंबळ कशी करायची ते माहीत नव्हतं, एकीने तिला ओढणी वळून दिली. सातव्या कयाकला एक डोकं कमी पडत होतं.

खिडकीत मुख्याध्यापक उभे होते. मी वर बघितलं. त्यांनी बघितलं. मग मी पर्स बाईंच्या हातात दिली आणि सातव्या कयाकखाली डोकं घातलं. ती दिसते त्यापेक्षा जड होती. भर उन्हात, सेक्टरांमधल्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही चाललो होतो. बाल्कन्यांमधून बायका बघत होत्या. सिग्नलला एक ट्रकवाला थांबला आणि हॉर्न वाजवायचा सोडून नुसता बघत राहिला. बाई पुढे चालत होत्या, साडी नेसून, माझी पर्स काखोटीला मारून. मला पुढे मेमो मिळाला. तो मी घेतला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फळ्यावर सूचना होती. शाळेच्या विद्यार्थिनींनी खाडीवर जाऊ नये, गेल्यास कारवाई होईल. मुली ती वाचत होत्या आणि वर्गात जात होत्या. पावसाळ्यात तसंही जायचं नसतं. चार महिने कयाक नाखव्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होत्या. बाई बेलापुरातच शिकवण्या करून राहिल्या होत्या, कशाच्या शिकवण्या कोण जाणे. मी विचारलं, "मुली नाही आल्या तर?" त्या म्हणाल्या, "तर मी आणि चंद्रा. आणि तू कोयता घेऊन."

नारळी पौर्णिमा झाली, दसरा झाला. पाणी निवळल्यावर पहिल्या रविवारी मी दिवाळ्याला गेले. माझी अपेक्षा फार नव्हती. बोळातून धक्क्यावर आले आणि उभी राहिले. आधीच्या सगळ्या होत्या. त्यांच्या धाकट्या बहिणी होत्या. दुसऱ्या शाळेच्या गणवेशातल्या तीन-चार होत्या. दिवाळ्यातल्या, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या अशाही होत्या, परकर खोचून. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. मंजिरीचे वडील स्कूटर लावून, हेल्मेट हातात धरून, जरा लांब उभे होते.

बाई कमरेवर हात ठेवून त्या घोळक्याकडे बघत होत्या. "एवढ्यांना कुठं बसवू मी? कोरड्या मेल्या, आधी कळवता येत न्हाई?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

नाखवा होडीत उभा होता, हातात दोराचं वेटोळं. त्याने मुलींकडे बघितलं, वेटोळ्याकडे बघितलं, आणि ते होडीत टाकून दिलं.

"आता मोठा दोर लागंल बाय," तो म्हणाला, आणि आणायला घराकडे निघाला.